मदत हवी आहे: मालदीवच्या छोट्या बेटावर गणित शिकवते, वर्गातली मुलं बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी,

मी मूळची जत तालुक्यातली. एम.एस्सी., बी.एड. करून पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. कायम नोकरीची आशा सोडली आणि दोन महिन्यांपूर्वी मालदीवला आले. शवियानी अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) एका बेटावर आठवी ते दहावीला गणित शिकवते. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही, सहाशे माणसांच्या वस्तीत मी लगेच ओळखू येईन.

बेट चालत फिरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. समुद्र मी याआधी एकदाच, गणपतीपुळ्याला पाहिला होता. इथे कुठेही उभं राहिलं तरी तो दिसतो. पहिले आठ दिवस रात्री झोप लागायची नाही.

पाण्याचं मला जड गेलं नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात ते प्यायला, विहिरीचं मचूळ पाणी अंघोळीला. टँकरची वाट बघत मोठी झाले आहे, तांब्याभर पाणी जपून वापरणं अंगवळणी आहे. शुक्रवार-शनिवार सुट्टी, नमाजाच्या वेळी दुकानं बंद, हेही जमलं. जेवणाचे मात्र हाल आहेत. घर माळकरी, आणि इथे सकाळच्या न्याहारीपासून टूना. भाजी राजधानी मालेहून बोट येईल तेव्हा, तीही अर्धी सुकलेली.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. नववीच्या वर्गात चौदा मुलं आहेत. "समजलं का?" विचारलं की चौदाही जण "येस मिस" म्हणतात. वह्या बघाव्यात तर कोऱ्या. फळ्याजवळ बोलावलं की मान खाली. शाळेचं माध्यम इंग्रजी आहे, दहावीला केंब्रिजची परीक्षा आहे, आणि त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट नाही. म्हणजे भाषेची अडचण म्हणावी तर तीही नाही. गेल्या गुरुवारी एका मुलीने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. विचारलं काय, तर "मिस, तुम्ही कधी जाणार?" आधीचे गणिताचे सर सत्राच्या मध्येच गेले होते म्हणे. त्यांच्या आधीच्या बाईही तशाच.

त्या प्रश्नाने मी हलले आहे. खोटं सांगवेना, म्हणून गप्प बसले. घरून वडील म्हणतात, परत ये, जत्रेच्या आत ये. करार वर्षाचा आहे.

आणखी एक. संध्याकाळी बाहेर पडलं की जो भेटेल तो विचारतो, "कोन ताका दनी?" म्हणजे कुठे चाललात. माझ्यावर लक्ष ठेवतात का हे लोक?

इथे कुणी शिकवलं असेल तर कृपया सांगा. मुलांना बोलतं कसं करू?

प्रतिसाद १ (रत्नागिरीकर)

ताई, शिकवण्यातलं मला कळत नाही, पण जेवणाचं सांगतो. माझा मेव्हणा तिकडे रिसॉर्टमध्ये आहे. बेटावर निरफणसाचं झाड असणारच, तिकडे त्याला बंबुकेयो म्हणतात. आपल्यासारखी कापं करा, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून. शेवगाही असतो, पाला मागून घ्या. कुणी पैसे घेणार नाही.

प्रतिसाद २ (माजी मालदीवकर)

मी दोन बेटांवर मिळून सहा वर्षं विज्ञान शिकवलं. तुमचं वाचून माझे पहिले महिने आठवले.

आधी "कोन ताका दनी". ती पाळत नाही हो. आपल्याकडे पारावरची म्हातारी "कुठं निघालीस गं?" विचारते, तसंच ते. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. हसून हात दाखवा आणि पुढे चला. ज्या दिवशी विचारणार नाहीत, त्या दिवशी काळजी करा.

आता मुलं. ती गप्प आहेत कारण त्यांनी जाणारे शिक्षक पाहिलेत. दरवर्षी नवा माणूस येतो, तोच धडा पहिल्यापासून सुरू करतो, नावं पाठ होईपर्यंत निघून जातो. मग कशाला जीव लावायचा? त्या मुलीला खरं सांगा. "या वर्षाची परीक्षा होईपर्यंत मी इथे आहे" एवढं जर नक्की असेल, तर तेवढंच. नसेल तर आधी स्वतःशी ठरवा, मग वर्गात बोला.

दुसरं, त्यांची भाषा त्यांच्याकडूनच शिका. दिवेही आपल्याच कुळातली आहे, सिंहलीची जवळची बहीण. आपला प तिकडे फ होतो, स चा बऱ्याचदा ह होतो. पाणी म्हणजे फेन, सात म्हणजे हत. मासा तर मस. आणि अकरापासून ऐका: एगारा, बारा, तेरा, सादा, फनरा, सोळा. सोळा अगदी आपलाच, ळ सकट! इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही तो ळ जमत नाही, तुम्हाला आयता येतो. अटॉल हा शब्दसुद्धा मूळ त्यांचाच, अतोळु. साठला जुनी माणसं फसदोळस म्हणतात, म्हणजे पाच वेळा बारा. पूर्वी तिकडे बाराच्या पटीत मोजत. गणिताच्या बाईंना याहून काय हवं?

आणि हे तर तुमच्या हक्काचं आहे. त्यांची ताना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी १ ते ९ या आकड्यांवरून घेतलेली आहेत, पुढची नऊ जुन्या स्थानिक आकड्यांवरून. इतकी मुळाक्षरं अंकांतून आलेली लिपी मला तरी दुसरी माहीत नाही. शिवाय प्रशासकीय अटॉलांना अक्षरांचीच नावं आहेत. तुमचं शवियानी हे दुसरं अक्षर, म्हणजे २. शेजारचं नूनू ३. हे फळ्यावर तुम्ही लिहू नका, मुलांना लिहायला लावा. चुकायची पाळी तुमची असू द्या.

जेवणाचं: डाळ, कांदे, बटाटे यांची चिंता करू नका. १९८१ च्या करारापासून हे जिन्नस भारतातून ठरलेल्या प्रमाणात तिकडे जातात. बोट आली की पहिल्या तासात दुकान गाठा. रमजानमध्ये शाळेची वेळ बदलते, दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नका, एवढं पाळा. पैसे घरी पाठवायचे नियम वरचेवर बदलतात, ते मात्र बँकेतच विचारा.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

सर, रत्नागिरीकर दादा, दोघांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, इंटरनेट दोन दिवस नव्हतं.

रविवारी वर्गात गेले आणि आधी त्या मुलीला उत्तर दिलं. परीक्षेपर्यंत आहे, त्यापुढचं मला आज माहीत नाही, असं सांगितलं. तिने फक्त मान हलवली. वडिलांनाही शनिवारी रात्रीच फोन करून कळवलं होतं. ते जरा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "जत्रेचा प्रसाद पाठवता येतो का बघतो."

मग मी अकरा ते सोळा म्हटलं. फनरा चुकलं, मागच्या बाकावरचा मुलगा हसला. मी त्याला पुढे बोलावलं, मला दुरुस्त कर म्हटलं. तो आला! सोळा म्हटल्यावर चौदा जण एकदम माझ्याकडे बघायला लागले. नंतर फळ्यावर अक्षरं आणि आकडे शेजारी शेजारी लिहिण्यासाठी खडू मागायला रांग लागली. एकाने घरी आजोबांना विचारून फसदोळस आणलं. त्यावरून बाराचा पाढा, तिथून अवयव, आणि तिथून मला जिथे जायचं होतं ते अवयव पाडणं. वह्या अजून निम्म्या कोऱ्याच आहेत. पण काल तिघांनी "नाही समजलं" असं म्हटलं. माझ्यासाठी ते फार मोठं आहे.

निरफणसाची कापं केली, शेजारच्या घरी दिली. त्यांनी परातभर शेवग्याचा पाला पाठवला. डाळ घालून एकदा झाला, अजून भरपूर उरला आहे. फ्रीज नाही. सुकवला तर टिकेल का, की इथल्या दमट हवेत बुरशी येईल?