'रिंग अ बेल' हा वाक्प्रचार स्मरणपत्रात चालेल का?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात परराज्यांतील व्यापाऱ्यांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार मी पाहतो. राजापुरी हळदीच्या थकलेल्या बिलाची आठवण करून देण्यासाठी सहकाऱ्याने मसुद्यात 'आय अ‍ॅम रिंगिंग अ बेल अबाउट युअर बिल' असे वाक्य घातले आहे. ते मला खटकते, पण नेमके काय चुकते हे सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

अजिंक्यतारा, सातारा
खटकले ते योग्यच आहे. या वाक्प्रचारात आपण कोणासाठी घंटा वाजवत नसतो. एखादे नाव कानावर आले किंवा चेहरा नजरेस पडला की ती ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनात आपोआप वाजते. म्हणूनच वाक्याचा कर्ता ते नाव किंवा तो चेहरा असतो: 'द नेम रिंग्ज अ बेल', म्हणजे नाव ऐकल्यासारखे वाटते, पण कुठे आणि कधी ऐकले ते नीट आठवत नाही. हा पुसटपणाच त्यातील खरी मेख आहे. फोनवर कोणी तासगावच्या एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याचे नाव घेतले आणि आपण 'ओळखीचे वाटते खरे' म्हणत थबकलो, तर तिथे हा प्रयोग चपखल बसतो. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्याबाबत तो केला, तर आपण थट्टा करतो आहोत असेच समोरच्याला वाटेल. प्रश्नात आणि नकारातही तो सर्रास येतो: 'डज इट रिंग अ बेल?', 'नो, इट डझन्ट.' चालू वर्तमानकाळात मात्र तो सहसा वापरत नाहीत.

माहुलीकर
आपल्याकडच्या धोक्याच्या घंटेशीही याची गल्लत करू नये. संशयाची पाल चुकचुकली, तर त्यासाठी इंग्रजीत 'अलार्म बेल्स' हा वेगळा प्रयोग आहे.

विश्रामबाग
पत्रापुरते सांगायचे तर 'जॉग युअर मेमरी' हेही टाळावे. त्यात दुसऱ्याच्या स्मृतीला मुद्दाम चालना दिली जाते, त्यामुळे अर्थाने ते जवळचे आहे. परंतु थकबाकीच्या पत्रात ते खोचक वाटते, जणू समोरचा सोयीस्करपणे विसरला आहे. (तसे असेलही, पण पैसे वसूल व्हायचे आहेत!) बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम देऊन 'धिस इज अ रिमाइंडर' एवढे लिहिणे पुरेसे आहे.

कृष्णाकाठ, सांगली
सर्वांचे आभार. ते वाक्य काढून बिलाचा क्रमांक पहिल्याच ओळीत घेतला आहे. आता 'काइंडली' ठेवावे की नाही, यावर सहकाऱ्याशी वाद चालू आहे.

विश्रामबाग
ठेवावे, परंतु एकदाच.