मदत हवी आहे: सुपर मीटिओर ६५० घेऊ का? लवकर सांगा

टण्या_पुणे:
मंडळी, रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ६५० बाइक बुक करायचीय, रविवारपर्यंत ठरवायचंय कारण शोरूमवाला रोज फोन करून डोकं खातोय. लांबच्या टूरला कशी आहे एवढंच सांगा. आणि व्हेरिएंट कुठला, इंटरस्टेलर की सेलेस्टियल? यूट्यूब बघून अजून गोंधळ झालाय, तिथे सगळ्यांना सगळ्याच गाड्या भारी वाटतात.

घाटवेडा:
टूर म्हणजे कुठली? एकटा की डबल सीट? उंची किती? काहीच लिहिलं नाहीस आणि म्हणे लवकर सांगा.

तेलकट_हात:
इंजिनाचं टेन्शन घेऊ नको. एनफिल्डच्याच इंटरसेप्टर ६५० चं ६४८ सीसी, दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ पीएस ताकद, ५२ एनएम टॉर्क, सहाव्यात शंभरला निवांत चालते, सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. वजन मात्र २४१ किलो. उताराला तोंड करून लावलीस तर मागे ओढायला माणूस बोलवावा लागेल 😄

निवांत_नाना:
एवढे पैसे कशाला? मीटिओर ३५० घे. ऐंशीच्या वर जातंय कोण?

तेलकट_हात:
नाना, डबल सीट सामान लादून बंगळूर हायवेला ट्रक ओव्हरटेक करा ३५० वर, मग बोलू.

सह्याद्री७७:
समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, एक्सप्रेसवेलाही.

तेलकट_हात:
समृद्धीचं कोणी विचारलं??

टण्या_पुणे:
अरे भांडू नका. ताम्हिणीतून गुहागर, बायको मागे असते. उंची पाच पाच.

घाटवेडा:
हे आधी लिहायचं ना राव. सीट ७४० एमएम, पाय मस्त टेकतील. पण ही क्रूझर, म्हणजे रेलून बसायची गाडी, पाय पुढे असतात, खड्डा आला की पटकन उठता येत नाही, हादरा थेट माकडहाडाला, आणि मागे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (दबायला मिळणारी जागा) १०१ एमएमच. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची जागा) १३५ एमएम, गावातले स्पीडब्रेकर जपून. सेलेस्टियलला विंडस्क्रीन आणि बॅकरेस्ट मिळतो, वहिनींसाठी तीच घे.

देवगडकर:
कोकणात येताय तर हिमालयन ४५० घ्या, २०० एमएम ट्रॅव्हल. आणि गुहागर काय, देवगडला या.

टण्या_पुणे:
हिमालयनची सीट ८२५ एमएम, माझे पाय लोंबकळतील. बायको बॅकरेस्ट ऐकून खूश आहे. तिला कंबरेचा त्रास आहे, स्लिप डिस्क, पट्टा लावते, चालेल ना?

घाटवेडा:
हे आत्ता सांगतोयस?? बुकिंग थांबव. आधी डॉक्टरला विचारा, मग टेस्ट राइडला तिला मागे बसवून खराब रस्त्याला ने. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोघांच्या वजनाला लावून घे, नाहीतर शॉक खाली आपटतात.

निवांत_नाना:
मायलेज किती देते?

टण्या_पुणे:
शोरूमवाला म्हणतो टेस्ट राइडला पिलियन, म्हणजे मागे कोणी बसलेलं, चालणार नाही.

तेलकट_हात:
मग दुसरं शोरूम बघ, रविवार गेला खड्ड्यात.