ब्लेंडर साफ करताना इमर्जन्सी स्टॉप दाबला की पुरतं का?

हिंगण्याचा फिटर:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रिबन ब्लेंडर (पट्टीसारखं पातं फिरवून मसाला मिसळणारं मशीन) व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालतो, खाली हवेवर उघडणारा डिस्चार्ज व्हॉल्व्ह. बॅच बदलली की पोरं झाकण उघडून आत हात घालतात आणि पातं खरवडतात. त्याआधी इमर्जन्सी स्टॉप दाबतात, पॅनलला 'काम चालू आहे' ही पाटी अडकवतात, बस. आता मला त्यांना लॉकआउटचं, म्हणजे मशीनची वीज-हवा तोडून तिथं कुलूप लावायचं ट्रेनिंग द्यायला सांगितलंय. स्लाइड इंग्रजीत, निम्मी पोरं छिंदवाडा-बालाघाटकडची. मालक म्हणतात, रोज कुलूप लावत बसलो तर माल कधी काढायचा? काय शिकवू, सांगा जी.

बुटीबोरी वायरमन:
भाऊ, इमर्जन्सी स्टॉपच्या भरवशावर कोणाला आत हात घालू देऊ नका, आजपासूनच. ते बटण बहुतेक वेळा फक्त कंट्रोल तोडतं, ड्राइव्हपर्यंत सप्लाय येतच राहतो. कोणी बटण सोडवलं, कोणी स्टार्ट दाबलं, की रिबन फिरली. पाटी कोणाचा हात धरत नाही.

मशीन थांबवा, मेन आयसोलेटर (मशीनचा सगळा वीजपुरवठा तोडणारा स्विच) ऑफ करा, हँडलला कुलूप. जो आत हात घालणार त्याचं स्वतःचं कुलूप आणि चावी त्याच्याच खिशात. सुपरवायझरकडेही द्यायची नाही. दोघं असतील तर हास्प (एकाच जागी अनेक कुलपं लावता येणारी कडी) लावून दोन कुलपं. मग हवेची लाइन बंद करून तिथंही कुलूप, आणि आत अडकलेला दाब सोडून गेज शून्यावर आलेला डोळ्यानं बघायचा. तो व्हॉल्व्ह बोट तोडू शकतो.

आता जे बहुतेक ठिकाणी राहून जातं ते. कुलपं लागली की सगळ्यांना बाजूला करून स्टार्ट दाबून बघायचं. पण त्या वेळी इमर्जन्सी स्टॉप सोडवलेला हवा! नाहीतर मशीन त्या बटणामुळे चालत नाही आणि आपण समजतो आयसोलेटर बरोबर बंद झाला. चुकीचा आयसोलेटर पाडला असेल तर तो इथंच सापडतो.

ड्राइव्हचं कव्हर पोरांनी उघडायचंच नाही. सप्लाय गेल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर लिहिलेलं असतं, त्यानंतरही मीटरनं मोजूनच हात.

सेफ्टीवाली ताई, वाडी:
मालकांना सांगा, हे नवं नाही, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येच होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली). स्विच चुकून ऑनकडे सरकू शकत असेल तर त्याला कुलूप लावायची सोय हवी, ही भर त्यात १९७६ मध्ये पडली. अमेरिकेचा लॉकआउटचा नियम १९८९ चा, म्हणजे आपलं त्याआधीचं होतं.

स्लाइड राहू द्या. पोरांना मशीनजवळ न्या, हिंदीत बोला आणि प्रत्येकाकडून त्याच्या हातानं कुलूप लावून घ्या. ठेकेदाराची माणसंही त्यात आलीच पाहिजेत. काम अर्धवट असताना पाळी बदलली, तर येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्यानं काढायचं.

हिंगण्याचा फिटर:
आमच्या आयसोलेटरच्या हँडलला कुलूप अडकवायला भोकच नाही, आत्ता बघितलं.

बुटीबोरी वायरमन:
मग आधी तो बदलून घ्या, ट्रेनिंग त्यानंतर. तोवर साफसफाईच्या वेळी वायरमननं फ्यूज काढून डब्यात कुलूपबंद करायचे आणि चावी आत हात घालणाऱ्याकडे.