विषय: आउटलुकमधली सिग्नेचर रोज सकाळी गायब (राळेगाव तालुक्यातून)

टोरांटोची सभासद, सध्या माहेरी

नमस्कार मंडळी,

सुट्टीत माहेरी आले आहे, यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या पुढे. कापसाचा हंगाम भरात आहे. आमच्या वहिनी इथल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळतात. गोदामाच्या पुढच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे, विंडोज १०, त्यावर आउटलुक, म्हणजे मेलचा प्रोग्रॅम.

आउटलुकमध्ये सिग्नेचर (मेलखाली आपोआप येणारा नाव-पत्त्याचा मजकूर) करून ठेवली की दिवसभर प्रत्येक मेलखाली नीट येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं की नाही. वहिनी रोज पुन्हा टाइप करतात. काल मला म्हणाल्या, "थे पाय, आजबी गेली. मले तं आता पाठच झाली."

सिग्नेचरमध्ये कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, फोन, ईमेल आणि २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या पत्रांवर आणि बिलांवर हा तपशील असावाच लागतो, म्हणून त्या मेलखालीही तो कधी सोडत नाहीत. परवा सीआयएनमधलं एक अक्षर उलटसुलट झालं आणि एका जिनिंगवाल्याने कागद जुळत नाहीत म्हणून मेल परत पाठवली. गाडी कापूस भरून उभी होती. तेव्हा कृपया कुणाला माहीत असेल तर सांगा.

न्यू जर्सीचे काका

ताई, आधी दोन गोष्टी बघ. आउटलुकमध्ये सिग्नेचर तयार करणं वेगळं आणि ती नेमून देणं वेगळं. फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स इथे गेलीस की उजवीकडे नव्या मेलसाठी एक आणि उत्तरांसाठी एक अशा दोन जागा दिसतील. खात्यांची नावंही तिथेच आहेत. बऱ्याचदा सिग्नेचर यादीत असते, पण नेमलेली नसते.

दुसरं, वर उजव्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक'चं बटण कुणी चालू केलंय का? जुनं आउटलुक सिग्नेचर संगणकाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, नवं त्या फोल्डरकडे बघत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं असेल तर सिग्नेचर मेलबॉक्समध्येही साठवली जाते आणि कधीकधी तिथली आवृत्ती आणि संगणकावरची आवृत्ती यांत ओढाताण होते.

म्युनिकहून

काकांच्या मुद्द्याला जोडून: सिग्नेचर पाठवताना गेली की वाचताना दिसत नाही, हे तपासा. जीमेल एकाच साखळीत पुन्हा पुन्हा येणारी सिग्नेचर तीन टिंबांमागे दुमडून ठेवतं. समोरच्याला वाटतं नाहीच. मेल साध्या मजकुराच्या स्वरूपात गेली तर लोगोही गळून पडतो. आणि कुणी थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम वापरत असेल तर सिग्नेचरच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा येते. ती खूण दिसली की उत्तर देताना पुष्कळ मेल प्रोग्रॅम खालचा मजकूर कापून टाकतात. ही रीत जुनी आहे आणि मला ती पटते, पण कंपनीच्या पत्रव्यवहारात अडचणीची ठरते.

टोरांटोची सभासद

काका, बटण बंद आहे. जुनंच आउटलुक आहे. आज सकाळी मी स्वतः वहिनींच्या शेजारी बसून पाहिलं. मशीन सुरू झालं, आउटलुक उघडलं, तर त्याने खातं नव्याने जोडायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "हाओ, थे रोजच विचारते." त्या पासवर्ड टाकतात आणि कामाला लागतात. तालुक्याच्या दुकानातल्या माणसाने नेट हळू असल्यामुळे असं होतं म्हणून सांगितलं होतं. डेस्कटॉपवर कालची एक्सेल फाइलही नव्हती. त्या आता सगळं पेनड्राइव्हवरच ठेवतात. पोळ्याच्या सुमारास डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती, लाइन सारखी येत-जात होती, तेव्हापासून हे सुरू झालंय.

सिंगापूरहून, मूळ गाव आर्वी

ताई, आधी हातातलं काम थांबवा आणि मशीन बंद करू नका. इथे सिग्नेचरपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे.

आउटलुकची यात काही चूक नाही. विंडोज रोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये उघडतंय. प्रोफाइल म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइली आणि सेटिंग्जची जागा. वापरणाऱ्याच्या सगळ्या सेटिंग्ज एका फाइलमध्ये असतात. लिहिणं चालू असताना वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. मग विंडोजला खरं प्रोफाइल उघडता येत नाही आणि ते 'टेम्प' नावाचं कोरं प्रोफाइल देतं. साइन आउट केलं की ते पुसलं जातं. धर्मशाळेच्या खोलीसारखं आहे ते, सकाळी झाडून पुढच्यासाठी मोकळं. वहिनी त्या खोलीत रोज नवं सामान लावतात.

खात्री करायला विंडोजची कळ आणि आर दाबा, टक्क्याचं चिन्ह, युजरप्रोफाइल, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. वर पट्टीत 'टेम्प' दिसलं तर हेच आहे.

आता महत्त्वाचं. मेल आणायच्या दोन पद्धती असतात. खातं पीओपी पद्धतीचं आहे की आयमॅप, ते बघा. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर सुरक्षित आहेत. पीओपी असेल तर आउटलुक मेल खाली उतरवून पीएसटी फाइलमध्ये ठेवतं, आणि ती फाइलही या टेम्पमध्येच बनत असणार. सर्व्हरवर प्रत राहत नसेल तर रोजच्या मेल रोज नष्ट होतायत. सौद्याचे भाव, वजनकाट्याच्या पावत्या, सगळं. म्हणून आत्ता असलेली पीएसटी आउटलुक बंद करून पेनड्राइव्हवर घ्या.

मग सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स'मध्ये जा. तिथे टेम्पच्या शेजारी वहिनींच्या नावाचं जुनं फोल्डर असेल. त्यात अ‍ॅपडेटा (हे लपवलेलं असतं, व्ह्यूमधून दाखवायला लावा), त्यात रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स. प्रत्येक सिग्नेचरच्या तीन फाइली असतात: एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी. लोगो असेल तर सोबत एक फोल्डर. सगळं उचला.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'प्रोफाइललिस्ट'मध्ये जाऊन बिघडलेलं प्रोफाइल जोडून देता येतं, पण ते काम गावातल्या एकमेव मशीनवर करू नये असं माझं ठाम मत आहे. नवं युजर खातं उघडा, त्यात डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि पीएसटी आणा, आउटलुकमध्ये खातं जोडा आणि तो सिग्नेचर्स फोल्डर त्याच जागी ठेवा. जुनं फोल्डर महिनाभर पुसू नका. डिस्कही तपासून घ्या.

आणि युपीएसची बॅटरी बघा. ती बसलेली असेल तर हे पुन्हा होणार.

टोरांटोची सभासद

दादा, टेम्पच निघालं. खातं आयमॅप आहे, त्यामुळे मेल शाबूत राहिल्या, देवाची कृपा.

जुन्या फोल्डरमध्ये वहिनींनी पहिल्यांदा केलेली सिग्नेचर होती, लोगोसकट, सीआयएन अगदी बरोबर. नवं खातं उघडून ती तिथे ठेवली. मशीन दोनदा बंद-चालू केलं, जागच्या जागी आहे. मध्ये एक अडचण आली: मी मराठी पत्ता सुधारायला टीएक्सटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून एएनएसआयमध्ये (अक्षरं साठवायची जुनी पद्धत, तीत देवनागरी मावत नाही) सेव्ह केली आणि सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं झाली. पुन्हा मूळ फाइल आणून युनिकोडमध्ये सेव्ह केल्यावर नीट आली. कुणी करणार असेल तर सेव्ह करताना खालचा एन्कोडिंगचा रकाना बघा.

युपीएसच्या बॅटरीचा दम दिवा लागण्यापुरताच होता. उद्या वहिनी आणि मी राळेगावला जाऊन नवी आणतो. सिग्नेचर्स फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे ठेवली आहे.

न्यू जर्सीचे काका

ताई, मी खात्याचा प्रश्न विचारायला हवा होता असं कुणी म्हणण्याआधीच आर्वीच्या दादांनी तो सोडवला, त्यांचे आभार. दादा, तुमची ही मेल मी साठवून ठेवतोय. मंडळाच्या सभासदांपैकी कितीतरी जणांच्या घरी, वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत, अशीच एकेक मशीन युपीएसविना चालू आहे. ज्यांना गावी फोन करायचा आहे त्यांनी आउटलुक रोज पासवर्ड विचारतं का, एवढं आधी विचारा. उत्तर हो आलं तर मशीन बंद करण्याआधी डेस्कटॉपवरच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा.