मदत हवी आहे: वाफेच्या इंजिनाच्या छोट्या मॉडेलमध्ये वजन, कपॅसिटर आणि बारीक काम एकत्र कसं बसवायचं?

मिरज-कुर्डुवाडी ही बार्शी लाइट रेल्वेची लाइन ७६२ मिमी गेजची (रुळांमधलं अंतर) होती. १:८७ प्रमाणात तो ८.७६ मिमी येतो, म्हणजे ९ मिमीचा रूळ जवळजवळ चपखल. त्यावर सहा चाकांचं टँक इंजिन बांधतोय. तयार छोट्या मॉडेलांत मोटर केबमध्ये डोकावते, हँडरेल बॉडीतच ओतलेले असतात. इतक्या देखण्या इंजिनांना ते शोभत नाही. ०.३ मिमी पितळी तारेचे वेगळे हँडरेल जमतात (भोक ०.३५ मिमी, आधी सुईने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतो).

खरी अडचण वेगळी. इंजिन हलकं, चाकं कमी, त्यामुळे पॉइंटच्या (रूळ बदलण्याच्या सांध्याच्या) प्लॅस्टिक फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या वीज न वाहणाऱ्या तुकड्यावर, वीज तुटते आणि गाडी थांबते. वजन वाढवायला बाजूच्या टाक्यांत शिसं भरलं तर डीसीसी डिकोडरचे (इंजिन चालवणाऱ्या डिजिटल चिपचे) कपॅसिटर, जे तुटलेल्या क्षणापुरती वीज पुरवतात, ते कुठे? २२० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टचे पाच टँटलम धरलेत, शिवाय १०० ओहमचा रोधक आणि डायोड. शिशाऐवजी टंगस्टन कुणी वापरलंय का? घनता १९.३, शिशाची ११.३, बरीच जागा सुटेल.

शिवाय धुरांडं आणि डोम मेणाच्या नमुन्यावरून पितळेत ओतून देणारे कोल्हापूरच्या गुजरीतले (सराफ बाजारातले) किंवा चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरीचे कारागीर माहीत आहेत का? ओतीव आकसतं, तर नमुना किती टक्के मोठा ठेवायचा?