वसंतदादांना ऊस कळला, गिरणी कळली नाही

लालबागकर : वसंतदादा पाटील सांगलीजवळच्या पद्माळ्याचे शेतकरी. १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळताना त्यांच्या खांद्यात गोळी घुसली. पुढे शेतकऱ्यांना जमवून सहकारी साखर कारखाना उभारला. या माणसाबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो. पण फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलं होतं, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदलण्याची. त्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता, मग कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे का असेनात. कारखान्यात प्रत्येक सभासदाला एक मत देणाऱ्या दादांना गिरणीतल्या माणसाचं मत का दिसलं नाही?

मिरजेचा मुलुंडकर : खापर एकट्या दादांवर का? संप १८ जानेवारी १९८२ चा. दादा येईपर्यंत कितीतरी कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला परतले होते. आणि काँग्रेसचा मुख्यमंत्री दिल्लीला विचारल्याशिवाय असा कायदा हलवू शकत होता का? त्याच १९८३ ला दादांनी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आमच्याकडची पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. स्वतःला फारसं शिकता आलं नाही, त्याची ही तळमळ.

लालबागकर : तळमळ खरी. पण फी भरायला किती बापांनी शेत गहाण टाकलं, तेही बघा.

दादर पश्चिम : १९८५ विसरू नका. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव आहे, हे दादा स्वपक्षाची सत्ता असताना उघड बोलले. त्याच वर्षी महापालिका शिवसेनेकडे गेली. मुंबईकर मराठी माणसाची नस त्यांना कळत नव्हती, असं कसं म्हणता?

लालबागकर : मुंबई महाराष्ट्रात राहिली, गिरणगाव राहिलं नाही.

मिरजेचा मुलुंडकर : मताचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझे आजोबा एका साखर कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेत उभे राहून ते चेअरमनला वजनकाट्याचा हिशेब विचारायचे, उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, म्हणजे पहिली उचल, का थकली विचारायचे. अंगावर धोतर आणि मळका सदरा, पण आवाज खणखणीत. गिरणी कामगाराला तशी सभा मिळालीच नाही. तरीही ज्याने आजोबांना तो आवाज दिला, त्याला मी दोष देऊ शकत नाही.