शोमाचा तो प्रश्न: दया की नुसता दम? (कामेन रायडर गाव्ह)

टोकुवेडा
गाव्हचे पन्नासच्या पन्नास भाग एकदाचे बघून झाले. ज्यांचं अजून चालू आहे त्यांच्यासाठी नियम एकच, शेवट इथे कोणी फोडायचा नाही. माझं भांडण शेवटाशी नाहीच. ते सुरुवातीपासून शोमाच्या तोंडी असलेल्या एका वाक्याशी आहे.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. कामेन रायडर म्हणजे मुखवटा घालून राक्षसांशी लढणाऱ्या वीरांच्या जपानी टीव्ही मालिका, आणि सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या वर्षातली ही त्यातली एक. ग्रान्यूट नावाचे राक्षस दुसऱ्या जगातून येतात, आनंदात असलेला माणूस हेरतात, त्याला दाबून चपटा करतात आणि स्टमक नावाच्या कुटुंबाच्या धंद्यात माल म्हणून पोचवतात. त्या माणसांची 'यामीगाशी' होते. यामी म्हणजे काळोख, काशी म्हणजे मिठाई. माणूस जितका खूश, तितकी मिठाई चविष्ट, आणि एकदा चटक लागली की सुटत नाही. शोमा याच कुटुंबातला सगळ्यात धाकटा. बाप ग्रान्यूट, आई माणूस, पोटावर दुसरं तोंड. आईचीही मिठाईच झाली. हा तिथून पळून आपल्या जगात येतो आणि गमी, वेफर्स, चॉकलेट असला खाऊ खाऊन त्या बळावर रायडर होतो.

आता ते वाक्य. ग्रान्यूटला संपवण्याआधी शोमा विचारतो: यामीगाशीचा नाद कायमचा सोडतोस, की इथेच माझ्या हातून संपतोस? यावर लोक गहिवरतात. किती दयाळू नायक! मला कळत नाही यात दया कुठे आहे. समोरचा धुळीत पडलाय, याच्या हातात हत्यार आहे, आणि हा पर्याय देतोय. आमच्या आळीत याला दम देणं म्हणतात. बरं, समजा तो 'सोडतो' म्हणाला. पुढे? त्याला व्यसन आहे, ते सोडवायला शोमा काय करणार आहे? लेखिका जुन्को कोमुरांनी ही सगळी दुनिया इतकी बारकाईने बांधलीय, आणि नेमका इथेच हात आखडता घेतलाय. तुमचं काय मत?

कर्जत_लोकल
पूर्ण असहमत. नारदाने वाल्या कोळ्याला काय दिलं होतं? औषध? घर? नोकरी? एक प्रश्न दिला. घरी जाऊन विचार, तुझ्या पापात कोणी वाटेकरी आहे का. बाकीचं वाल्याचं वाल्याने केलं. प्रश्न विचारणं हीच मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधी त्याला कोणी माणूस समजून काही विचारलंच नव्हतं. १९७१ पासूनच्या रायडर मालिका आठवून बघा. शॉकरचा, म्हणजे पहिल्या मालिकेतल्या त्या दुष्ट संघटनेचा राक्षस आला, लाथ बसली, स्फोट. कोणी विचारलं त्यांना कधी?

टोकुवेडा
नारदाच्या हातात वीणा होती हो, तलवार नव्हती. आणि त्याने वाल्याला घरी जाऊन यायला वेळ दिला. शोमा पाच सेकंद देतो.

कर्जत_लोकल
वाल्याने जाताना नारदाला झाडाला बांधून ठेवलं होतं, पळून जाऊ नये म्हणून. ग्रान्यूटलाही सांगायचं का, मला बांधून ठेव आणि घरी विचारून ये? तोवर तो चार माणसं दाबून पोचवेल. कैच्याकै.

मंजिरी_ताई
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. मी सात वर्षांच्या मुलीबरोबर बघतेय, सोळावा की सतरावा भाग चालू आहे. शिनचॅनमधला ॲक्शन कामेन तिचा लाडका, म्हणून मी म्हटलं खरा कामेन दाखवू. रंगीत आहे, गमी आहेत, पोटातून छोटे छोटे प्राणी येतात, मला वाटलं छान. मग तिने विचारलं, "म्हणजे शोमाच्या आईला कोणीतरी खाल्लं का?" मी पाणी आणायला उठले. खरंच उठले, उत्तर सुचेना. त्या प्रश्नावर दया की दम हे तुम्ही ठरवा, माझा मुद्दा एवढाच की हे मुलांसाठी आहे असं ज्याने ठरवलं त्याला मुलं नसावीत.

कर्जत_लोकल
ताई, तुम्ही तिला हिडिंब, बकासुर सांगितलाच असेल ना? बकासुर गाडाभर अन्नाबरोबर रोज एक माणूस खायचा. आपण ते झोपताना सांगतो.

मंजिरी_ताई
बकासुर कोणाच्या आईला खातो ते आपण नावानिशी सांगत नाही. आणि भीम त्याचं अन्न त्याच्यासमोर खातो, त्यावर मुलं हसतात. इथे हसू नाही. (जाता जाता, भीमाचा आणि शोमाचा हा एक गुण मात्र जुळतो. लढायच्या आधी पोटभर खाणं.)

पार्टटाइम_पोऱ्या
सगळे चुकीच्या जागी भांडताय. दर आठवड्याला मरणारे ते ग्रान्यूट कोण आहेत? स्टमक कुटुंबातले नव्हेत. ते कामाला ठेवलेली पोरं आहेत. जपानीत 'बाइतो' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे तासावर, ऑर्डरवर काम करतात तसे. आणि त्यांना मोबदला काय मिळतो? यामीगाशी! ज्याचं व्यसन त्याचाच पगार. रोजंदारीवरच्या माणसाला संध्याकाळी पैशांऐवजी बाटली द्यायची, की तो उद्या सकाळी हजर. मालक कारखान्यात बसलेला, मार खातो कोण तर डिलिव्हरीवाला. शोमा त्या डिलिव्हरीवाल्याला विचारतोय, नोकरी सोडतोस की मरतोस. सोडून जायचं कुठे? धागाकर्ते, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही तो शोमावर ढकललात. दोष धंद्याचा आहे, आणि मालिकेला ते नीट माहीत आहे. राकिया बघा, तोही ग्रान्यूटच. त्याचा भाऊ याच कामाला लागला आणि याच धंद्यात जिवाला मुकला. ही गोष्ट मालिकेने उगाच घातलेली नाही. मेलेल्या 'बाइतो'च्या मागे घरी कोणीतरी असतं, हे तिने आपल्याला दाखवलंय.

टोकुवेडा
हे मात्र पटलं. राकियाचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. पण मग माझी तक्रार आणखी घट्ट होते ना? घरी कोणीतरी आहे हे दाखवूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न, तोच स्फोट.

खादाड_बोका
राकियाचं नाव निघालंच आहे तर. त्याचं पालुपद आहे 'दारु'. जपानीत अर्थ कंटाळा, वैताग. आमच्या घरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळी सकाळी?" व्यसनावरच्या मालिकेत एक जण दर दोन मिनिटांनी दारु म्हणतो, हसून हसून पुरेवाट.

निशिकासाईकर
नऊ वर्षं तोक्योत आहे, एदोगावा वॉर्डात, जिथे आपली माणसं पोत्याने आहेत. रविवारी सकाळी नऊला टीव्ही आसाहीवर हे लागायचं आणि माझा मुलगा आंघोळीला नकार द्यायचा. एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, रागावू नका. ही मालिका खेळणी विकायला आहे. बंदाई कंपनीचा पट्टा पोटावर बांधायचा, त्यात गोचिझो (शोमाच्या पोटातून येणारे ते छोटे प्राणी) घालायचा, हँडल फिरवलं की चावल्यासारखा आवाज येतो. गोचिझो ढिगाने. दर रविवारी नवीन खाऊ, नवीन गोचिझो, नवीन रूप. ते दाखवायला दर रविवारी कोणीतरी फुटायला हवं. शोमाने प्रश्न विचारला आणि ग्रान्यूट 'हो' म्हणाला, तर त्या दिवशीचं नवीन रूप कोणावर चालवायचं? तुम्ही ज्याला दया-दम म्हणताय ते वेळापत्रक आहे.

आणि खाऊ-रायडर हे लग्न जुनंच आहे. पहिली मालिका एप्रिल १९७१ मध्ये सुरू झाली, त्यानंतर काल्बी कंपनीने रायडरच्या नावाचं खाऊचं पाकीट काढलं, वीस येनला, बरोबर एक कार्ड. पोरांना कार्ड हवं होतं. ती कार्ड काढून घ्यायची आणि खाऊ फेकून द्यायची. इतका फेकला की तो समाजाचा प्रश्न झाला, पालक आणि शाळा वैतागल्या. पन्नास वर्षांनी त्याच रायडरने खाऊ खाल्ल्याशिवाय शक्ती मिळत नाही अशी गोष्ट लिहिली गेली, याची मला गंमत वाटते. जुनं पाप फेडल्यासारखं. (हे माझं म्हणणं, तसं कोणी ठरवून केलंय असं मी म्हणत नाही.)

कर्जत_लोकल
खेळणी विकतात म्हणून गोष्ट खोटी होते का? गणपतीत मूर्ती विकतात, म्हणून आरती खोटी?

निशिकासाईकर
आरतीत दर रविवारी नवीन कडवं घालत नाहीत.

पोथीवाचक
दोन पैसे माझेही. पोटात तोंड असलेला राक्षस आपल्याला नवा नाही. अरण्यकांडातला कबंध. डोकं नाही, मान नाही, पोटातच तोंड, आणि लांबच लांब हात, जो आवाक्यात येईल तो पोटात. राम-लक्ष्मणालाही धरतो. ते त्याचे हात तोडतात. त्यानंतर कबंध स्वतःहून सांगतो की मी शापित आहे, मला जाळा. आणि जाळल्यावर दिव्य रूपात वर येऊन रामाला सुग्रीवाकडे जायला सांगतो. म्हणजे ज्याच्या पोटात तोंड, त्यानेच पुढचा रस्ता दाखवला.

शोमाला मी कबंधाच्या बाजूने बघतो. तो रामाच्या जागी नाहीच. धागाकर्ते त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवताहेत. तो तर राक्षसाच्या कुळातला, त्याच भुकेचा. तो जेव्हा दुसऱ्या ग्रान्यूटला विचारतो 'सोडतोस का', तेव्हा तो आधी स्वतः सोडून आलेला आहे. व्यसनमुक्त माणसाने व्यसनी माणसाला विचारावं, तसा तो आवाज आहे. तुम्हाला त्यात दम ऐकू येतो. मला त्यात 'मला जमलं, तुलाही जमेल' असं ऐकू येतं. हत्यार हातात आहे हे खरं. त्याचं मला उत्तर देता येत नाही.

टोकुवेडा
पोथीवाचक, कबंध सुरेख. पण शोमाने यामीगाशी 'सोडली' असं म्हणता येईल का? तो त्या धंद्यातून पळाला. सुटका आणि सोडणं यात फरक आहे. आणि तो गमी खाऊन भागवू शकतो, ही त्याची नशीबवान भूक आहे. आपल्या जगात आल्यावर साचिका नावाच्या मुलीने त्याला काम दिलं, घर दिलं, मैत्री दिली. बाकीच्या ग्रान्यूटांना साचिका कुठे भेटली?

पार्टटाइम_पोऱ्या
हा! आता आलात रस्त्यावर. प्रश्न शोमाने नाही, साचिकाने विचारायला हवा होता. "कामाला येतोस का?"

खादाड_बोका
आणि पगार समोसा.

हान्तोप्रेमी
हान्तोला सगळे विसरलात. त्याच्या आईला ग्रान्यूटने नेलं, त्याच्या गुरूला नेलं. ग्रान्यूटांशी लढता यावं म्हणून त्याने स्वतःच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि तो व्हालेन नावाचा रायडर झाला. त्याला विचारा दया हवी का. तो कोणाला पर्याय देत बसत नाही, गोळी घालतो. आणि नंतर त्याला कळतं की आपल्याबरोबर जेवणारा शोमा अर्धा ग्रान्यूट आहे. त्या काही भागांत मी नीट झोपलो नाही. मालिकेने दोघांना शेजारी ठेवलंय, विचारणारा आणि न विचारणारा, आणि न विचारणाऱ्याला वाईट ठरवलेलं नाही. धागाकर्त्यांना ज्या 'हात आखडण्या'चा राग आहे, तो हान्तोचा हात बघितला तर जाईल.

टोकुवेडा
हान्तो मलाही आवडतो. पण दोन चूक हात शेजारी ठेवले म्हणून एक बरोबर होत नाही.

मंजिरी_ताई
काल अजून दोन भाग बघितले. मुलगी म्हणते थांबायचं नाही. आईच्या प्रश्नाचं मी तिला शेवटी 'हो' असं सरळ उत्तर दिलं. ती म्हणाली, "म्हणून तो सारखा दुसऱ्यांना खाऊ देतो." मला हे सुचलं नव्हतं. माझा मुलांबद्दलचा आधीचा प्रतिसाद अर्धा मागे घेते, अर्धा ठेवते.

गुपचूप_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. शोमा शत्रूला विचारतो हे सगळ्यांनी लिहिलं. गोचिझोंना कोण विचारतं? शोमा खाऊ खातो, ते त्याच्या पोटातून जन्माला येतात, आनंदाने उड्या मारतात, लढाईच्या वेळी पुन्हा त्याच पोटातल्या तोंडात जातात, आणि लढाई संपली की वर उडून नाहीसे होतात. नावसुद्धा 'गोचिसो'वरून, म्हणजे मेजवानी. आईची मिठाई केली म्हणून चिडलेला मुलगा आपल्या पिल्लांची मेजवानी करून जिंकतो. त्यांना एकदाही 'तू नको म्हणू शकतोस' असा पर्याय मिळताना मी पाहिलेला नाही. ग्रान्यूटला निदान पाच सेकंद मिळतात.

निशिकासाईकर
अहो, माझ्या घरी पंचवीस गोचिझो आहेत. आता मी रात्री त्यांच्याकडे कसा बघू?

कर्जत_लोकल
ते स्वतःहून उडी मारतात. शोमा ढकलत नाही.

गुपचूप_वाचक
पार्टटाइम_पोऱ्याचे 'बाइतो'सुद्धा स्वतःहूनच कामाला येतात.

टोकुवेडा
सात महिने मी या मालिकेवर वाद घालतोय आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझा मूळ मुद्दा तसाच आहे, शोमा दम देतोच. पण दम कोणाला देतो यापेक्षा कोणाला काहीच न विचारता वापरतो, हे जास्त टोचतंय. गुपचूप_वाचक, यावर वेगळा धागा काढाच, मी पहिला प्रतिसाद देईन, आणि तो बहुतेक असहमत असेल.

मंजिरी_ताई
कृपया तो धागा माझ्या मुलीला वाचून दाखवायची वेळ येऊ देऊ नका. ती प्रत्येक पाकिटातल्या दोन गमी खात नाही, "बाहेर येतील ना" म्हणून उशीखाली ठेवते. परवा मुंग्या आल्या.